पोत्याची मागची बाजू

सरकी पेंडीचं नवं पोतं उसवलं की माझे सासरे आधी काही बोलायचे नाहीत. आम्ही त्यांना मामा म्हणतो. मामा कोपरापर्यंत हात पोत्यात घालायचे, तळातली मूठभर पेंड वर काढायचे, नाकाशी न्यायचे, एक तुकडा दाढेखाली धरायचे. खवट लागली तर थुंकून पोतं बाजूला ओढायचे. नाही लागली तर पोत्याला शिवलेली चिठ्ठी चष्मा पुसून वाचायचे. एवढं झालं तरी पेंड चांगली असं त्यांच्या तोंडून निघत नसे. "गोठ्यात जाऊन शेण बघतो, मग सांगतो," म्हणायचे, आणि चार दिवसांनी खरोखर सायकल काढून गिऱ्हाइकाच्या गोठ्यात जाऊन उभे राहायचे.

तासगावात आमचं पशुखाद्याचं दुकान आहे. सरकी, गोळी पेंड, मका भरडा, गव्हाचा कोंडा, तूरचुणी, खनिज मिश्रण. २००४ साली मामांचे गुडघे गेले आणि गल्ल्यावर मी बसायला लागले. मी बीकॉम झालेली, हिशेब मला येत होते. पेंड मला मामांनी शिकवली. कुत्र्याचं खाद्य मात्र त्यांना ठाऊक नव्हतं आणि मलाही. ते मी चुकत चुकत शिकले, आणि त्यातल्या काही चुकांची किंमत दुसऱ्याच्या जनावरानं भरली. म्हणून हे लिहायला बसले आहे.

दुकानात कुत्र्याच्या खाद्याचं पहिलं पोतं आलं ते २०१० च्या उन्हाळ्यात. तोवर कुत्र्याला विकतचं खायला घालणं ही पुण्या-मुंबईची गोष्ट वाटायची. मग द्राक्षात पैसा आला, मळ्यात बंगले उभे राहिले, बंगल्यापुढं लॅब्रॅडॉर आणि जर्मन शेफर्ड आले. खाद्य कोणत्याही कंपनीचं असो, गिऱ्हाईक 'पेडिग्री द्या' असंच म्हणायचं, अजूनही म्हणतं. वीस किलोचं पोतं एकदम घेणारं कुणी नव्हतं. मी पोतं उघडून कोंड्याच्या पोत्याशेजारी उभं केलं आणि किलोकिलोच्या पिशव्या बांधून सुटं विकायला लागले. सरकी आम्ही तशीच विकतो, त्यात मला काही वावगं दिसलं नाही.

एप्रिल-मे सरला. वर पत्रा, दुपारी दुकानाची भट्टी व्हायची. दीड महिन्यानं एक गुरुजी पिशवी परत घेऊन आले. "वहिनी, आमची ज्युली याला तोंड लावत नाही हो." मी म्हटलं, "लाड झालेत तिचे. एक दिवस उपाशी ठेवा, खाईल." ते पिशवी घेऊन गेलेही. मामा बाकावर बसले होते. त्यांनी एवढंच विचारलं, "वास घेतलास?"

मी घेतला नव्हता. पोत्याच्या तळात हात घातला, मूठ वर काढली, आणि जुन्या शेंगतेलाचा दर्प आला. या दाण्यांवर चरबी फवारलेली असते, तिच्यामुळंच त्यांना चव येते. हवा आणि ऊन लागलं की आधी तीच खवट होते आणि जाताना सोबत काही जीवनसत्त्वंही घेऊन जाते. कुत्रीच्या नाकाला ते पहिल्या दिवशी कळलं होतं. मी त्याच दुपारी गुरुजींच्या घरी गेले, पैसे परत केले. ज्युली एक दिवसाची उपाशी होती, माझ्या सांगण्यावरून. ती माझ्या पायाशी येऊन बसली ते मला अजून आठवतं. उरलेलं पोतं खड्ड्यात गेलं. तेव्हापासून आमच्याकडे सुटं मिळत नाही. महिन्या-दीड महिन्यात संपेल एवढीच बंद पिशवी न्यायची, आणि घरी दाणे डब्यात ओतायचे नाहीत, पिशवीच डब्यात ठेवायची. म्हणजे डब्याच्या तळाला जुनं तूपकट साचत नाही, आणि मागची तारीख नि बॅच नंबर हाताशी राहतो.

मागची बाजू वाचायला लागले ती मात्र कुत्र्यामुळं नव्हे, गाईमुळं. एका नव्या कंपनीची गोळी पेंड आली होती, पोत्यामागं शंभर रुपयांनी स्वस्त. चिठ्ठीवर क्रूड प्रोटीन २० टक्के, म्हणजे सरकारी मानकात दुसऱ्या प्रतीच्या पेंडीला लागतं तेवढंच. गवळी खूश. पंधरा दिवसांत दूध उतरल्याच्या तक्रारी सुरू झाल्या. दूध संघाच्या डॉक्टरांनी नमुना तपासायला पाठवला, तर आकडा बरोबर २० टक्के आला. मला काही समजेना. तेव्हा त्यांनी आमच्या बाकावर बसून समजावलं. प्रयोगशाळा प्रथिनं मोजत नाही, नायट्रोजन मोजते आणि त्याला ६.२५ नं गुणते. नायट्रोजन सरकीतून आला की युरियातून, हे त्या आकड्याला कळत नाही. गाईच्या कोठीपोटातले जंतू थोड्याफार युरियापासून प्रथिन बनवून घेतात, म्हणून गाय त्यावर तगते, पण सरकीच्या जागी युरियाच घातला तर दूध कुठून येणार?

पुढं कधीतरी त्याच डॉक्टरांनी २००७ ची हकिगत सांगितली. अमेरिकेत आणि कॅनडात पाळीव कुत्र्या-मांजरांची मूत्रपिंडं अचानक निकामी व्हायला लागली. शोध घेतला तर त्यांच्या खाद्याच्या डब्यांतल्या, चीनहून आलेल्या गव्हाच्या ग्लूटेनमध्ये मेलामाइन घातलेलं निघालं. भांडी बनवतात ते मेलामाइन. त्यात नायट्रोजन भरपूर, म्हणून कागदावर प्रथिनांचा आकडा फुगला. माझ्या पेंडीतली आणि त्या डब्यांमधली लबाडी एकाच जातीची होती. फक्त कुत्र्याला कोठीपोट नाही.

त्या दिवसापासून कुत्र्याच्या पिशवीचं तोंड मी बघत नाही. तोंडावर हसरा कुत्रा असतो, शेजारी मांसाचा लालबुंद तुकडा, गाजर, मटार. मागं बारीक अक्षरांत घटकांची यादी असते, जो घटक वजनानं जास्त तो आधी. पण हे वजन मिसळतानाचं. ताज्या चिकनमध्ये सत्तरेक टक्के पाणी, त्यामुळं ते सहज पहिल्या नंबरवर बसतं आणि वाळल्यावर त्याचा वाटा बराच खाली येतो. 'चिकन मील' म्हणजे आधीच वाळवून दळलेलं, ते दुसऱ्या-तिसऱ्या नंबरवर असलं तरी भरीव असतं. आणि एकच मका कधीकधी मका, मक्याचं ग्लूटेन, मक्याचा कोंडा अशा तीन नावांनी खालीखाली विभागून लिहिलेला असतो. तिन्ही एकत्र केले की तोच वर चढतो. 'बाय-प्रॉडक्ट' या शब्दाला गिऱ्हाईक घाबरतं. काळीज, हृदय, फुप्फुस, वजडी हे सगळं त्यात येतं, आणि वजडी तर आपल्याकडं आवडीनं खातात. मला खटकतं ते वेगळंच. कोणत्या जनावराचं ते न लिहिता नुसतं 'मांस व मांसजन्य पदार्थ' लिहिलं असलं की मी ती पिशवी मांडणीवर ठेवत नाही.

एकदा एका मुलीनं मला कोड्यात टाकलं. तिच्या एका हातात ओल्या खाद्याचा पाउच होता, प्रथिनं ८ टक्के. दुसऱ्या हातात कोरडी पिशवी, प्रथिनं २४ टक्के. "काकू, पाउच इतका महाग आणि प्रथिनं तिसरा हिस्सा?" उत्तर मला चाऱ्यात सापडलं. नेपिअर गवत गाईला वीस किलो टाकलं तरी त्यात कोरडा माल चारेक किलोच, बाकी पाणी; कडब्याचं तसं नाही. आमच्याकडचा दुधाचा धंदा करणारा कुणीही शुष्क पदार्थाचा हा हिशेब तोंडी करतो. पाउचमध्ये ८० टक्के पाणी होतं. म्हणजे उरलेल्या २० मधले ८, शुष्क पदार्थावर ४० टक्के. कोरड्यात पाणी १०, उरलेल्या ९० मधले २४, साधारण २७ टक्के. पाउच कमी नव्हता, पण ती पाण्याचे पैसे देत होती हेही तितकंच खरं. अमेरिकेतली पशुखाद्य नियंत्रकांची 'आफ्को' ही संघटना मोठ्या कुत्र्याला शुष्क पदार्थावर किमान १८ टक्के आणि वाढत्या पिल्लाला २२.५ टक्के प्रथिनं धरते. बऱ्याच पिशव्या तेवढं भरतात. म्हणून मी त्यापुढची ओळ शोधते: हे खाद्य एकट्यानं पुरेल असा संपूर्ण, संतुलित आहार आहे की नुसता पूरक खाऊ? आणि कुणासाठी, पिल्लासाठी की मोठ्यासाठी? ती ओळ नसेल तर बाकीचं वाचण्यात अर्थ नाही.

छोट्या जनावरांच्या डॉक्टरांची 'वसावा' नावाची जागतिक संघटना आहे. खाद्याच्या कंपनीला काय विचारावं याची तिनं एक यादी केलेली आहे. आमच्या गावातल्या डॉक्टरांनी ती मला दिली, आणि मी एका पावसाळ्यात, दुकानात गिऱ्हाईक कमी असताना, पिशव्यांवरच्या नंबरांवर फोन लावायला बसले. खाद्याची कृती कुणी ठरवली, त्याचं पोषणशास्त्राचं शिक्षण काय? कारखाना तुमचा की दुसऱ्याचा? किलोमागं उष्मांक किती? कॅल्शियम नेमकं किती, 'किमान' नको, प्रत्यक्ष किती? एका कंपनीनं दोन दिवसांत पूर्ण तक्ता पाठवला. एकीनं माणूसच पाठवला, तो तासभर बसला आणि माहीत नव्हतं ते सरळ माहीत नाही म्हणाला. मला तो आवडला. दोघांनी "मॅडम, आपलं प्रॉडक्ट प्रीमियम आहे" एवढं एकच वाक्य चार वेळा ऐकवलं. त्यांच्या पिशव्यांवर मला सगळ्यांत जास्त नफा सुटत होता. त्या मी बंद केल्या. घरात यावरून बोलणं झालं. मामांनी माझी बाजू घेतली.

पुण्याहून परतलेल्या एका जोडप्यानं 'ग्रेन-फ्री' मागितलं तेव्हा मी चक्रावले, कारण आमच्या भागात भाकरीवर वाढलेली कुत्री रानोमाळ मेंढरं राखतात. त्यांचं म्हणणं, कुत्रा म्हणजे लांडगाच, त्याला धान्य पचत नाही. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकांच्या एका अभ्यासानं उलट दाखवलं: पिष्ट पचवणाऱ्या पाचकरसाचं जनुक लांडग्यात दोनच प्रतींत असतं, कुत्र्यात त्याच्या कितीतरी जास्त प्रती सापडतात. माणसाच्या चुलीशेजारी राहून त्यानं हे कमावलंय. आणि जुलै २०१८ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं कुत्र्यांचं हृदय फुगून त्याचे स्नायू दुबळे होण्याच्या आजाराची चौकशी जाहीर केली, ती नेमकी धान्य काढून मटार, मसूर, बटाटा भरलेल्या खाद्यांच्या संदर्भात. दोष नेमका कशाचा हे त्यातून ठरलं नाही. पण एखाद्या कुत्र्याला खरोखरची ॲलर्जी असल्याचं डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय मी ते खाद्य कुणाच्या हातात देत नाही. मेंढरांमागच्या कुत्र्याला भाकरीबरोबर ताक मिळतं, मेंढी व्याली की वार मिळते, रानात उंदीर-घुशी मिळतात, हेही त्या दोघांना सांगितलं. भाकरी पचते, पण नुसत्या भाकरीवर कुत्रं पोसत नाही.

आता माझी दुसरी चूक, कॅल्शियमची बाटली.

एका बागायतदारानं जर्मन शेफर्डचं पिल्लू आणलं होतं. घरातल्यांचा फार जीव. त्याला चपाती आणि बोनलेस चिकन, अगदी हातानं भरवायचे. चार महिन्यांचं झालं तेव्हा त्याचे पुढचे पाय धनुष्यासारखे वाकले. डॉक्टरांनी कारण सांगितलं: गव्हात आणि नुसत्या मांसात फॉस्फरस भरपूर, कॅल्शियम नावाला. रक्तातलं कॅल्शियम घसरायला लागलं की शरीर ते स्वतःच्या हाडातून काढतं. त्या पिल्लाला वेळेत योग्य पिल्लू-खाद्य सुरू झालं आणि ते सावरलं. मी त्यातून अर्धवट धडा घेतला, की पिल्लाला कॅल्शियम हवं. दुकानात कॅल्शियमच्या बाटल्या आणून ठेवल्या. सांगलीच्या एका गिऱ्हाइकाकडं ग्रेट डेनचं पिल्लू होतं, ते पिल्लांचं उत्तम खाद्य नेत असत. त्याबरोबर मी आपणहून बाटली दिली. "हाडं मजबूत होतील," म्हटलं.

मोठ्या जातीच्या लहान पिल्लाचं आतडं जास्तीचं कॅल्शियम अडवत नाही, आत घेतच राहतं. हाडं आणि सांधे वेडेवाकडे वाढायला लागतात. म्हणूनच मोठ्या जातीच्या पिल्लांच्या खाद्यात कॅल्शियमला वरचीही मर्यादा असते, शुष्क पदार्थाच्या १.८ टक्के. संतुलित खाद्यावर बाटली ओतणं म्हणजे संतुलन मोडणं. ते पिल्लू वयात येण्याआधी लंगडायला लागलं. डॉक्टर म्हणाले, एकट्या बाटलीला दोष देता येणार नाही, त्या जातीत हाडांचे त्रास असतात. मालक मला एक शब्द बोलले नाहीत. पण बाटली माझ्या दुकानातली होती आणि ती त्यांनी मागितली नव्हती. बाटल्या परत गेल्या. आता कुणी टॉनिक मागितलं तर मी आधी विचारते, चिठ्ठी आहे का डॉक्टरांची?

त्याच सुमारास मी वही घातली. उधारीच्या वहीशेजारी कुत्र्यांची वही. आमचा काटा पोती तोलायचा, मोठ्या पाटाचा. गिऱ्हाईक कुत्र्याला उचलून काट्यावर उभं राहतं, मग एकटं उभं राहतं, फरक वहीत लिहायचा. सुरुवातीला हमाल हसले, आता तेच कुत्र्याला धरून ठेवतात. वजन कळल्याशिवाय किती घालायचं ते कळत नाही, आणि किती घालायचं ते कळल्याशिवाय महाग काय नि स्वस्त काय हे कळत नाही. दहा किलोच्या, घरात राहणाऱ्या, नसबंदी झालेल्या मोठ्या कुत्र्याला दिवसाला अंदाजे ६३० किलोकॅलरी पुरतात. किलोत साडेतीन हजार किलोकॅलरी असलेल्या खाद्याचे ते १८० ग्रॅम होतात. दुसरं खाद्य किलोला चार हजारांचं असेल तर १६० ग्रॅम. गवळी पेंडीचा भाव पोत्यावर ठरवत नाही, लिटरमागं खर्च किती ते बघतो. कुत्र्याच्या खाद्याचाही भाव दिवसाचा काढावा. मी तो गिऱ्हाइकापुढं कागदावर मांडते. कधी महागडं जवळपास त्याच भावात पडतं, कधी खरंच झेपणारं नसतं. झेपणारं नसलं तर तसं स्पष्ट बोललेलं बरं.

वजनासोबत हात फिरवायचा. बरगड्या दिसायला नकोत पण बोटांना लागायला हव्यात, वरून पाहिलं तर कंबर दिसायला हवी. जतकडचे काही लोक कारवानी कुत्री घेऊन येतात, त्यांच्या शेवटच्या दोन-तीन बरगड्या दिसतात ते त्यांचं अंगच आहे. लॅब्रॅडॉरवाल्यांना मात्र मला रोज समजवावं लागतं, कारण आपल्याकडं जाड कुत्रं म्हणजे खातंपितं घर. अमेरिकेत एका खाद्य कंपनीनंच ४८ लॅब्रॅडॉरवर त्यांच्या अख्ख्या आयुष्यभर प्रयोग केला. जोडीतल्या एकाला पोटभर, दुसऱ्याला त्याच्यापेक्षा पाव हिस्सा कमी. २००२ साली निष्कर्ष छापून आले, कमी खाणारे सरासरी पावणेदोन वर्षांहून जास्त जगले आणि त्यांचे सांधे उशिरा धरले. खाद्य विकणाऱ्यानंच कमी घाला असं सिद्ध करून दाखवलं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

आणि शेवटी मामांचं शेण. नवं खाद्य जुन्यात मिसळत आठवडाभरात पालटायचं, गाईची पेंड पालटतो तसंच. मग पंधरा दिवसांनी मी गिऱ्हाइकाला विचारते: किती वेळा बसतो, घट्ट का पातळ, ढीग केवढा? शहाण्यासुरत्या लोकांना अवघडल्यासारखं होतं, पण सांगतात. आत गेलेलं अंगी लागलं नाही की ढीग मोठा पडतो. केस, डोळे, खाज, उत्साह हे त्यानंतर महिन्या-दोन महिन्यांत बोलतं.

२०१९ चं साल आमच्या जिल्ह्याला विसरता येणार नाही. ऑगस्टात महापूर, ऑक्टोबरात परतीचा पाऊस हटेना. मका कणसातच भिजला. त्या दिवाळीत एक व्यापारी निम्म्या भावात मका घेऊन आला. कणसाला काळपट-हिरवी बुरशी, दाणा हलका. मी म्हटलं, गाईला घालता येणार नाही हा. तो म्हणाला, "गाईला नका देऊ. भरडून कुत्र्याच्या भाकरीला विका की." चार माणसं बसली होती, कुणाला त्यात गैर वाटलं नाही. कृषी महाविद्यालयातून निवृत्त झालेले एक प्राध्यापक पेंड न्यायला आले होते. ते तिथंच थांबले आणि त्यांनी १९७४ सांगितलं. त्या वर्षी राजस्थानातला बांसवाडा आणि गुजरातेतला पंचमहाल या शेजारच्या जिल्ह्यांत अवकाळी पावसानं मका भिजला. गरिबांनी तोच खाल्ला, दुसरं काही नव्हतं. दोनशेहून जास्त गावांत कावीळ झाली, पोटात पाणी झालं, शंभरावर माणसं गेली. आणि त्याच घरांतली कुत्रीही तशीच काविळीनं, पोटं फुगून मेली. बुरशीतलं अफ्लाटॉक्सिन यकृत खातं, आणि ते भाजून जात नाही, शिजवून जात नाही.

व्यापारी गाडी घेऊन गेला. कुठं गेला असेल तो मका, याचा विचार मी अजून करते. घरात खराब झालेलं, वास आलेलं, काल-परवाचं ते कुत्र्याला टाकायची आपली रीत आहे, मीही त्याच रीतीत वाढले. पण आपल्या यकृताला जे सोसत नाही ते त्याच्या यकृतानं का सोसावं? कंपन्यांच्या पिशव्याही यातून सुटलेल्या नाहीत. अमेरिकेत मक्यातल्या याच विषानं कुत्री मेली आहेत. म्हणून तर मी विचारते, मका तपासून घेता का?

घरी शिजवून घालणाऱ्यांच्या मी विरोधात नाही. तांदूळ, चिकन, अंडं, थोडं काळीज, भोपळा, हे चांगलंच अन्न आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ मध्ये घरगुती आहाराच्या २०० पाककृती तपासल्या, त्यातल्या १९१ मध्ये एखादं तरी पोषक द्रव्य कमी निघालं. तेव्हा डॉक्टरांकडून प्रमाण आणि पूरक लिहून घ्यावं आणि मग खुशाल शिजवावं. आमच्या भागाची अडचण दुसरी आहे, आमच्या प्रत्येक रश्शात कांदा-लसूण मसाला. आखाडात मटणाचा रस्सा-भाकरी कुत्र्यापुढं जाते, आणि कांद्यानं त्याच्या तांबड्या पेशी फुटतात. शिजलेली हाडं तडकून आतड्यात रुततात. आणि बेदाणा. तासगावात बेदाण्याची काय कमी? फेब्रुवारी ते एप्रिल शेडवर राशी पडलेल्या असतात. एका शेडवरची राखणीची कुत्री तो पोटभर खायची, सगळे कौतुकानं बघायचे, पहिल्या वर्षी तिला काही झालंही नाही. दुसऱ्या हंगामात उलट्या सुरू झाल्या, तिसऱ्या दिवशी लघवी बंद. गेली. द्राक्षातलं नेमकं काय कुत्र्याच्या मूत्रपिंडाला मारतं हे बरीच वर्षं उमगत नव्हतं. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या पशुवैद्यांनी टार्टरिक आम्लाकडं बोट दाखवलं. ते कमी-जास्त असतं, म्हणून एक कुत्रं वाचतं, दुसरं नाही. बेदाण्याच्या हंगामात मी शेडवाल्यांच्या पेंडीच्या बिलावर शिक्का मारते: बेदाणे कुत्र्यापासून लांब ठेवा.

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीला एक मेंढपाळाचा मुलगा आला, असेल बारा-तेरा वर्षांचा. घोंगडीत पिल्लू, काळंपांढरं. कुणीतरी त्याला सांगितलं होतं, तासगावच्या त्या दुकानात कुत्र्याचं भारी खाद्य मिळतं. मुठीत पन्नासाच्या दोन नोटा. पिल्लाला काट्यावर ठेवलं, ३ किलो २००. पोट नगाऱ्यासारखं, पाठीचा कणा हाताला लागत होता. "काय घालतोस?" "भाकरी. ताक. कधी दूध." मी मनात हिशेब केला: दिवसाला शंभर-सव्वाशे ग्रॅम पिल्लू-खाद्य, वाढत जाणार, महिन्याला हजार-बाराशे रुपये. आणि त्यांची अजून तीन कुत्री.

माझ्या मांडणीवर सहा चांगल्या पिशव्या होत्या, एकेकीची मागची बाजू मला पाठ होती. त्यातली एकही त्या मुलाची नव्हती. डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, आधी जंताचं औषध द्या, ते पोट खाण्याचं नाही, जंताचं आहे. मग रोज एक अंडं, मेंढीचं दूध थोडं रोज, 'कधी' नको. कोंबडी कापली तर काळीज-पोटा त्याला, हळद-मीठ न लावता. औषध मी दिलं. सर्वांत लहान पिशवी दिली, भाकरीत दोन मुठी कुस्करून घालायला. पन्नासाची एक नोट घेतली, कारण दोन्ही परत केल्या असत्या तर तो पुन्हा आला नसता.

मामा बाकावरून ओरडले, "अरे पोरा, हगतंय कसं ते?" मुलानं सविस्तर सांगितलं, अगदी न लाजता, हातवारे करून. मामांनी लक्ष देऊन ऐकलं आणि म्हणाले, जंत पडतील, घाबरू नकोस, पंधरा दिवसांनी वजनाला घेऊन ये.

पंधरा दिवसांनी तो आला. ३ किलो ९००. पोट उतरलं होतं, पिल्लू हमालाच्या चपलेशी झोंबत होतं. पुढच्या पंधरवड्याला यायचं ठरलं, पण दिवाळीनंतर त्यांचा कळप घाटाखाली उतरला. वहीत त्या दोन आकड्यांपुढं मी पानभर जागा मोकळी सोडली आहे. पावसाच्या तोंडावर मेंढरं परत येतात.